दगडफुलाची कड

ठराव सर्जेराव साळुंखे सरांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढची हकिगत ऐकून कुणाला वाटेल, की गावाने ठरवून त्यांना खिंडीत गाठलं. तसं काही नव्हतं. ठरावातला शब्द न् शब्द त्यांचा होता. "दोषी वाहनांचे क्रमांक व मालकांची नावे ठराव मांडणाऱ्याने ग्रामसभेत वाचून दाखवावीत व खिंडीतील फलकावर लावावीत" हे वाक्य तर त्यांना इतकं आवडलं होतं, की ते त्यांनी सभेत दोनदा वाचलं. सर तीस वर्षं हायस्कुलात पीटी शिकवून निवृत्त झालेले. त्यांना माईक लागत नाही.

गोष्ट दोन हजार चव्वेचाळीसच्या मार्चमधली. पाटणहून करंजखिंडीचा घाट चढत गेलं, की अगदी माथ्याशी करंजवणे नावाचं साठ उंबऱ्यांचं गाव लागतं. सरांचा जन्म तिथला. आता ते पाटणला राहत, पण मतदारयादीतलं नाव त्यांनी हट्टाने गावातच ठेवलं होतं. गावाला लागून खाली दरी, आणि त्या दरीतल्या कातळावर आणि झाडांच्या सालींवर दगडफूल. गोड्या मसाल्यात पडतं तेच. हातात घेतलं तर चुरगळलेल्या जुन्या कागदासारखं दिसतं, आणि तेलात पडलं की घरभर घमघमतं. गावातल्या बायकांचा गट दर उन्हाळ्याच्या तोंडाला ते गोळा करून कराडच्या एका मसाला कंपनीला देई. गटाची प्रमुख हौसाक्का, म्हणजे सरांची थोरली बहीण.

त्या वर्षी कंपनीने सगळी पोती परत पाठवली. दगडफुलात गाड्यांच्या धुराची काजळी मर्यादेच्या चौपट निघाली होती. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की दोन वर्षांत सुधारणा दिसली नाही तर करंजवण्याचं दगडफूल कायमचं बंद. हौसाक्काने ते पत्र घडी करून देवघरात ठेवलं.

धूर कुणाचा, याबद्दल गावात दुमत नव्हतं. एव्हाना शहरातल्या बहुतेक गाड्या विजेवर आल्या होत्या, पण जुनी पेट्रोल-डिझेलची गाडी हौसेने बाळगणारे लोक होतेच आणि ती हौस फेडायला त्यांना घाटच लागे. शनिवार-रविवार खिंडीत त्यांची रांग लागायची. भजी खायची, कठड्यावर बसून फोटो काढायचे, दरीत बाटल्या भिरकवायच्या. सर त्यांना "दोन दिवसांचे राजे" म्हणत. या राजांची नावं एकदा जगासमोर आली पाहिजेत, अशी त्यांची इच्छा होती, म्हणून तो ठराव.

पूर्वी असली इच्छा धरून उपयोग नव्हता. धूर हवेत मिसळला की तो कुणाचा राहत नसे. पण सात वर्षांपूर्वी इंधनातली भेसळ आणि चोरी थांबवायला सरकारने खूणकण सक्तीचे केले होते. खूणकण म्हणजे काचेचे कण, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढे. प्रत्येक कणात बारा दुर्मिळ मूलद्रव्यं असतात आणि प्रत्येकाचं प्रमाण चार ठरलेल्या मापांपैकी एक. एवढ्यावरून दीड कोटीहून जास्त वेगवेगळ्या जुळण्या होतात, म्हणजे उरलेल्या प्रत्येक गाडीला स्वतःची एक. पंपावर नळी टाकीत घातली, की पंप गाडीचा नंबर वाचतो आणि त्या गाडीच्या जुळणीचे चिमूटभर कण डिझेलात सोडतो. इंजिनात डिझेल जळतं, काच मात्र जळत नाही. ती काजळीला चिकटून बाहेर पडते आणि जिथे काजळी बसेल तिथे बसते. अतिनील प्रकाशाखाली तो कण चमकतो, आणि त्याच्या बारा रंगांवरून गाडी ओळखता येते. हे वाचणारं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं असतं. त्याला मागोवा म्हणतात.

इंधन-निरीक्षक तो मागोवा फक्त टाक्यांमध्ये बुडवत. तो दगडफुलाला लावून बघावा, हे सुचलं नाझनीन मुजावर या कराडच्या मुलीला. तिने दगडफुलावर डॉक्टरेट केली होती, आणि त्याबद्दल घरच्यांची बरीच थट्टा सहन केली होती. तिचं म्हणणं साधं होतं. दगडफूल हे फूल नाही आणि झाडही नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो एक संसार आहे. त्याला मुळं नाहीत, म्हणून खायचं-प्यायचं ते सगळं हवेतून आणि धुक्यातून घेतं. पानं गळत नाहीत, म्हणून घेतलेलं टाकून द्यायची सोय नाही. ते वाढतं फक्त कडेने, करंजवण्यासारख्या ओलसर जागीही वर्षाला फार तर गव्हाच्या दाण्याएवढं. त्यामुळे मधला भाग जुना आणि कड नवी. मधून कडेकडे मागोवा सरकवत नेला, की कुठल्या वर्षी कुणाचा धूर आला ते दिसत जातं.

हौसाक्काला हे अर्धं आधीच माहीत होतं, फक्त शब्द वेगळे होते. आजूबाजूच्या गावांत लोक खुरप्याने सगळं खरवडून काढत. हौसाक्काच्या गटाची रीत अशी, की बांबूच्या पात्याने फक्त कड कापायची आणि मधलं कातळावर राहू द्यायचं. "मधलं त्याचं, कड आपली," असं ती नव्या सुनांना शिकवी.

ठराव झाल्यावर नाझनीन आली ती हौसाक्काच्या शेजारच्या घरी उतरली. रोज सकाळी दोर बांधून दरीत उतरायची आणि दुपारी काजळीने हात काळे करून वर यायची. सरांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं, की कुणाचा मुलाहिजा ठेवायचा नाही, मोठ्या माणसाची गाडी असली तरी नाही. तिने मान डोलावली.

इथे सरांच्या रोजच्या फेरीबद्दल सांगायला हवं. सर दररोज संध्याकाळी पाटणहून निघत आणि सव्वीस वळणं चढून पावणेसातच्या सुमारास करंजवण्यात पोचत. अकरा वर्षांत खाडा नाही. दाजी गेले तेव्हा तेराव्याला सगळ्यांदेखत ते म्हणाले होते, की अक्का, रोज येऊन तोंड दाखवून जाईन, आणि सरांनी शब्द दिला म्हणजे दिला. त्यांची जुनी डिझेल जीप होती, तिला ते हरणी म्हणत. हरणीचं सगळं चांगलं होतं, फक्त चढावर तिचा स्टार्टर रुसे. एकदा बंद केली की चार माणसांनी धक्का मारल्याशिवाय हलत नसे. म्हणून सर तिला बंदच करत नसत. अक्काच्या घरासमोर रस्त्याला वळण आहे. तिथे दरीच्या कठड्याला लावून गाडी उभी करायची आणि हॉर्न द्यायचा. अक्का स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन येई. खिडकीतून पेला आत, खिडकीतूनच गप्पा, आणि खिडकीतून पेला बाहेर. अर्धा-पाऊण तास असा जाई. इंजिन आपलं घुरघुरत असे आणि दोघं त्याच्यावर आवाज चढवून बोलत.

एवढं डिझेल जाळता, असं कुणी म्हटलं की सरांचं उत्तर ठरलेलं होतं. "आपण काय कुणाच्या बापाचं जाळतो?" याच्या पोटात एक जुनी गोष्ट होती, ती ते सांगत नसत. सहा वर्षांचे असताना त्यांचा ताप डोक्यात गेला होता. गावात गाडी नाही, घाटात एसटी नाही. चौदा वर्षांच्या हौसाने त्यांना पाठुंगळी मारलं आणि अनवाणी सगळा घाट उतरून पाटणचा दवाखाना गाठला. तेव्हापासून दारात गाडी आणि टाकीत इंधन असलं, तरच सरांचा जीव जागेवर राही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी सरांनी वळणावर हॉर्न दिला, तर अक्काऐवजी नाझनीन बाहेर आली. तिच्या हातात उदबत्तीचा पुडा होता.

"सर, गाडी बंद करता का जरा?" तिने विचारलं.

"बंद केली की सुरू होत नाही ती."

"मग राहू द्या चालू."

तिने एक उदबत्ती पेटवली आणि हरणीच्या मागे, नळकांड्याजवळ जाऊन कठड्यावर धरली. सर कुतूहलाने खाली उतरले. उदबत्तीचा धूर वीतभर वर चढला आणि मग कुणी बोट धरून ओढल्यासारखा वाकला. कठड्यावरून सांडून तो सरळ दरीत उतरायला लागला. नाझनीनने शांतपणे समजावून सांगितलं. दुपारी ऊन असतं तेव्हा डोंगराचा उतार तापतो, हवा हलकी होऊन वर जाते, आणि पर्यटकांचा धूर तिच्याबरोबर वर जाऊन पांगतो. सूर्य टेकला की उतार गार पडतो. गार हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. या वळणावरून ती थेट दगडफुलाच्या कातळावर जाते. त्या वेळी इथे जे काही सोडाल, ते दरीत साठतं.

सरांना अजून वाटत होतं, की ती सामान्य ज्ञान सांगते आहे.

"दरीतल्या ओळखता आलेल्या शंभर कणांतले एकतीस एका गाडीचे आहेत," नाझनीन म्हणाली. "दुसऱ्या नंबरच्या गाडीचे चार. बाकीचे हजारो गाड्यांचे, प्रत्येकीचा शंभरात एका कणाएवढाही वाटा नाही."

तिने मागोवा नळकांड्याच्या काळ्या काठाला लावला. पडद्यावर बारा रंगांच्या पट्ट्या उमटल्या. मग तिने दरीतल्या नमुन्याचं चित्र शेजारी ठेवलं. पीटीच्या मास्तरांनासुद्धा दोन्हींत फरक दिसला नाही.

सरांनी नळकांड्याचा काठ रुमालाने पुसला. मग त्यांनी यंत्र चुकू शकतं असं म्हणून पाहिलं, आणि ते चुकत नाही हे स्वतःलाच पटल्यावर आवाज खाली आणला. स्थानिक गाड्यांचं एक वेगळं खातं करून "इतर" म्हणून लिहिता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं. तीस वर्षांत एकाही पोराला कॉपी करू न देणारा माणूस हे विचारत होता, आणि ते त्याला विचारतानाच कळत होतं.

"मी जे सापडलं ते लिहिलंय, सर," नाझनीन म्हणाली. तिने एक पाकीट त्यांच्या हातात दिलं. "यादी याच्यात आहे. वाचून दाखवायची ती ठराव मांडणाऱ्याने, असं तुमचंच वाक्य आहे. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. अक्कांनाही नाही."

त्या दिवशी सर चहा न घेता परत फिरले.

ग्रामसभा रविवारी होती. मधले तीन दिवस सर करंजवण्याला गेले नाहीत. अकरा वर्षांतला पहिला खाडा. अक्काचा फोन आला तेव्हा क्लच प्लेट गेली म्हणून सांगितलं आणि हरणीकडे बघायचं टाळलं. त्यांची बायको वैशाली हे सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी पाकीट तिने उघडून वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं, जेवणाच्या ताटाशेजारी.

मग सरांनी तिला तासभर समजावलं. देशात कोट्यवधी गाड्या आहेत. कारखाने आहेत, विमानं आहेत. त्यांच्यापुढे एका जीपचा धूर म्हणजे समुद्रातलं चमचाभर पाणी. एका माणसाने गाडी चालवली काय आणि नाही चालवली काय. हा हिशेब जगात सगळीकडे खरा होता. फक्त त्या एका दरीत तो खोटा होता, आणि ती दरी नेमकी अक्काची होती. बोलता बोलता सरांना हे उमगलं, आणि मग ते चिडले. म्हणाले, "मी काय मजा मारायला जातो का वर? बहिणीसाठी जातो."

वैशालीने ते कबूल केलं. मग म्हणाली, "एक विचारू? अक्कांच्या घरात शेवटचे कधी बसलात तुम्ही?"

सर आठवायला लागले. मागच्या दिवाळीला ओवाळणी झाली ती वळणावरच, कारण गाडी चालू होती. त्याआधीच्या वर्षीही तसंच. मागे मागे जात ते दाजींच्या तेराव्यापर्यंत पोचले आणि तिथे थांबले. वैशालीने ताट उचललं आणि आत गेली.

रविवारी दहाला शाळेच्या व्हरांड्यात सगळं गाव जमलं. सर पहिल्यांदाच एसटीने आले होते, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. हौसाक्का बायकांच्या पुढच्या रांगेत बसली होती. सरांनी पाकीट फोडलं. दहाव्या नंबरपासून वाचायला सुरुवात केली. पुण्याची एक गाडी, ठाण्याची एक, पुण्याच्याच आणखी दोन. प्रत्येक नावाला लोक माना हलवत होते. सहाव्या नंबरला गावातल्याच दूधवाल्याचा टेम्पो निघाला, तेव्हा जरा हशा झाला. दोन नंबरला खिंडीतल्या भजीवाल्याची व्हॅन होती. तो म्हणाला, एक नंबर कोण ते तरी कळू दे, मग मला काय बोलायचं ते बोला.

कागद सरांच्या एकट्याच्या हातात होता. त्यांनी तो खाली ठेवला असता आणि एक नंबर पुण्याचा म्हणून सांगितलं असतं, तर नाझनीनशिवाय कुणाला कळलं नसतं. नाझनीन मागे खांबाला टेकून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. सरांनी कागदाची घडी सरळ केली. त्यांनी अक्काकडे पाहिलं. ती त्यांच्याचकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती. एवढी म्हातारी होईपर्यंत त्यांनी तिला कशाला भ्यालेलं पाहिलं नव्हतं.

"एक नंबर," सर म्हणाले, "शंभरात एकतीस वाटा. मालक सर्जेराव बापूसाहेब साळुंखे. म्हणजे मी."

कुणी हसलं नाही. सरपंचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. हौसाक्का उठली, पदर डोक्यावर घेतला आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून घराकडे चालायला लागली. सर कागद तिथेच टाकून तिच्या मागे गेले.

उंबऱ्यावर थांबून तिने मागे वळून पाहिलं. सर वळणावर, हरणी उभी राहायची त्याच जागी उभे होते.

"तितं का उबा? चपला काढ आन् आत ये."

सर आत आले. घोंगडीवर बसले. घर त्यांच्या आठवणीपेक्षा लहान होतं. मांडणीवर एक ताट, एक वाटी. चुलीशेजारी भाताचं पातेलं होतं, मुठीएवढं, एका माणसाचं. मोठं पातेलं वरच्या फळीवर पालथं घातलेलं आणि त्याच्यावर धूळ. पेले मात्र दोन होते. दुसरा होता खिडकीतून द्यायचा.

"अक्का, तुझ्या पोटावर पाय आला माझा," सर म्हणाले. "मला खरंच ठाऊक नव्हतं."

"मला ठावं हुतं," हौसाक्का म्हणाली.

सरांनी मान वर केली.

"तुजी गाडी जितं हुबी ऱ्हाती, बरुबर तिच्या खालचा कातळ आदी काळा पडला. तीन-चार वरसं झाली. मी कापती की रं कड, मला दिसत न्हाई व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने चुलीत एक लाकूड सारलं. "लई येळा वाटलं, म्हणावं की बंद कर ती. पर बंद केली आन् सुरू झाली न्हाई, तर तू दुसऱ्या दिशी यायचा न्हाईस. दगडफूल काय, पुन्यांदा येतंय. तू आला न्हाईस तर दिवस कशाचा?"

सरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. अकरा वर्षं एक माणूस बहिणीवरच्या मायेपोटी तिची दरी काळी करत होता आणि ती बहीण त्याच्यावरच्या मायेपोटी ती काळी होऊ देत होती, आणि दोघांच्या मध्ये एक इंजिन घुरघुरत होतं. हौसाक्काने चहा टाकला. तो प्यायला त्यांना घाई नव्हती, कारण खाली जाणारी रविवारची एसटी तीनला होती.

पुढचं काम सरांनी पीटीच्या तासासारखं केलं. आधी हरणीला नवा स्टार्टर बसवला. तो अकरा वर्षांपूर्वी बसवायला काही हरकत नव्हती, हे ते आता स्वतःच सांगतात. मग त्यांनी जीप विकली नाही, करंजवण्यात आणून ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये लावली. टाकी अर्धी भरलेली, किल्ली शिपायाकडे. दवाखान्याचं काम असेल तर कुणीही न्यावी, एकट्याच्या फिरण्यासाठी कुणीच नाही. मालकानेही नाही. सहा वर्षांच्या पोराला पाठुंगळी मारून घाट उतरायची वेळ गावावर पुन्हा येऊ नये म्हणून गाडी हवी होती ना, मग ती जिथे ती वेळ येते तिथे असावी. पाटणच्या दारात उभी राहून काय उपयोग, हे त्यांना उशिरा सुचलं. पहिल्या वर्षात हरणी चार वेळा घाट उतरली. एकदा विंचू चावलेल्या मुलीला घेऊन.

खिंडीतला फलकही लागला. ठराव म्हणजे ठराव. पण त्यावर दहा नावं लावायला सरांनी नकार दिला आणि एकच लावलं. त्याच्यावर लिहिलं होतं: "या दरीतल्या दगडफुलावर सर्वांत जास्त धूर माझ्या जीपचा आहे. इंजिन बंद करायला मी अकरा वर्षं लावली. तुम्ही आत्ता करा. सर्जेराव साळुंखे, निवृत्त क्रीडाशिक्षक." पर्यटक तो वाचून हसत, त्याच्याशेजारी फोटो काढत, आणि हसत हसत किल्ली फिरवून इंजिन बंद करत. पुढे पुढे काही जण गाडी खाली पाटणला ठेवून एसटीने वर यायला लागले. दंडाच्या पाटीला कुणी जुमानलं नसतं. कबुलीपुढे माणसाला उगाच आपलीही आठवण होते. दूधवाले तिघं होते, ते तीन टेम्पोंऐवजी एकात कॅन नेऊ लागले. भजीवाल्याने व्हॅन मुलाकडे शहरात धाडली आणि बेसन एसटीच्या टपावरून आणायला लागला.

आणि सर स्वतः? करंजवण्याला विजेवरची मुक्कामी एसटी जाते. संध्याकाळी साडेसहाला वर पोचते, गावात मुक्काम करते आणि सकाळी सातला खाली निघते. सुट्टीच्या दिवशीची एक फेरी सोडली तर मधे काही नाही. म्हणजे या गाडीने गेलेल्या माणसाला राहावंच लागतं. सर रोज जात नाहीत आता, मंगळवारी आणि शनिवारी जातात. सुरुवातीला शब्द मोडल्याची बोच होती. वैशाली म्हणाली, तोंड दाखवायला रोज जात होतात, आता भेटायला जाताय, तर दोन दिवस पुरे आहेत. मधूनमधून तीही बरोबर येते.

सेहेचाळीसच्या मार्चमध्ये नाझनीन मागोवा घेऊन परत आली. दोन वर्षं गटाने दरीला हात लावला नव्हता. त्या दिवशी मंगळवार होता, म्हणून संध्याकाळी सर घरात होतेच. तिने हौसाक्काच्या ओसरीवर एक दगडफूल ठेवलं आणि यंत्राचा प्रकाश टाकला. मधला भाग चमचमत होता, सात वर्षांचा जाड पट्टा, आणि त्यातले एकतीस टक्के ठिपके हरणीचे होते. तो पट्टा सरांनी नीट पाहिला. तो जाणार नव्हता. दगडफूल घेतलेलं टाकून देत नाही. पण त्याच्या बाहेर एक अंधारी कड होती, जवळजवळ काहीच न चमकणारी. दोन गव्हाचे दाणे एकापुढे एक ठेवावेत एवढी रुंद.

"ही मर्यादेच्या निम्म्याहून खाली आहे," नाझनीन म्हणाली. "कंपनी घेईल."

हौसाक्काने दगडफूल उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि अंगठ्याने ती नवी कड चाचपली. मग बांबूचं पातं घेऊन तिने तेवढीच कड कापली आणि मधलं बाजूला ठेवलं.

"मधलं परत कातळावर चिकटतंय का गं?" तिने विचारलं.

"ओलं करून दाबून ठेवलं तर कधी कधी चिकटतं."

"मग सकाळी ठिवून यीन." ती उठली. "तू बी ऱ्हा नाझनीन, जेवून जा."

नाझनीनला कराडला पोचायचं होतं, तिला न्यायला विद्यापीठाची गाडी आली होती. ती गाडी वळणावर इंजिन बंद करून उभी होती. ती गेल्यावर ओसरीवर बरंच शांत झालं. दरीतून गार वारा खाली उतरत होता आणि त्याच्यात फक्त चुलीवरच्या फोडणीचा वास होता. सर उंबऱ्याशी काढलेल्या चपला सरळ करून ठेवत होते.

"सर्जा, जायची घाई न्हाई न्हवं?" अक्काने आतून विचारलं.

"जाऊ कशानं? गाडी सकाळी सातला आहे."

हौसाक्काने फळीवरचं मोठं पातेलं काढलं, ज्याच्यावर आता धूळ नसायची, आणि त्याच्यात दोघांच्या भाताचं पाणी ठेवलं.